आमच्या घराण्यातली पिढीजात कावीळ

मी, याकोब लूकस साळवे, वय ६७, निवृत्त प्राथमिक शिक्षक, राहणार कोल्हार, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. माझे स्वादुपिंड बिघडले आहे, डोके नाही; डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे.

१. राहते घर पत्नी एंजेला हिच्या हयातीपर्यंत तिचे. पुढे ते मुलगा इमॅन्युएल याला मिळावे, पण कलम ५ ची अट पाळली तरच. मधले वाचल्याशिवाय त्याने तिकडे उडी मारू नये.

२. मागल्या वर्षी नगरच्या एका दवाखान्यात स्वादुपिंडाच्या कर्करोगाचा धोका आधीच ओळखण्याचे शिबिर होते. फॉर्म भरायचा, संगणक आकडा सांगणार. आकडा मोठा आला तरच जनुके तपासायला रक्त घेणार. फॉर्म भरून घेणाऱ्या बाईंनी विचारले, "घरात हा आजार कोणाला होता?" मी छाती काढून सांगितले, "कोणालाही नाही. वडील आणि थोरले बंधू दानिएल काविळीने गेले. कावीळ आमच्याकडे पिढीजात आहे." "तंबाखू?" "नाही." सुपारी-तंबाखू-चुना घोटलेला मावा तीस वर्षे खातो, पण आमच्या जिल्ह्यात माव्याला तंबाखू कोण म्हणतो? धोका किरकोळ निघाला. तो कागद चर्चमध्ये सर्वांना दाखवून मी पेढे वाटले. आठ महिन्यांत डोळे पिवळे झाले; तपासले तर नुसती कावीळ नव्हे, स्वादुपिंडाचा कर्करोग निघाला. संगणकाला दोष नाही. उदाहरण चुकीचे उतरवले की उत्तर चुकणारच, हे मीच जन्मभर शिकवले.

३. धाकटा भाऊ सॅमसन. वडिलांचे आणि दानिएलचे रिपोर्ट यानेच आणले, वाचले आणि चुलीत घातले. दोघांना माझाच आजार होता, हे त्याने माझा रिपोर्ट आल्यावर सांगितले. म्हणाला, "भाऊ, माझ्या पोरीची सोयरीक मोडली आसती. कावीळ म्हनलं की लोक पथ्य इचारत्यात, खानदान न्हाई." सोयरीक झाली. जावई वर्षभरात मुलीला टाकून पळाला. त्याची प्रकृती मात्र ठणठणीत. सॅमसनला मी काहीही देत नाही. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, असे वकीलबाई म्हणाल्या, म्हणून मुद्दाम त्यालाच साक्षीदार केले आहे.

४. माझ्या खिशांत सापडतील त्या माव्याच्या पुड्या जाळाव्यात. प्रवरा नदीत टाकू नयेत. माशांना अजून काही झालेले नाही.

५. अट. इमॅन्युएलने तोच फॉर्म खरा भरावा: आजोबा, चुलते, बाप, तिघेही कर्करोगाने; स्वतःचा मावा रोज चार पुड्या. मग रक्त द्यावे. निकाल काहीही येवो, घर त्याचेच. तो म्हणतो, "आप्पा, वाईट निघालं तर आराधनाला कोन करून घेईल?" माझी ही नात अजून दुसरीत आहे. बाप शाबूत राहिला तर स्थळ तोच शोधील. इमॅन्युएल, मास्तरकी बाजूला ठेवून लिहितो: मला माझ्या मरणापेक्षा तुझ्या मरणाची भीती जास्त वाटते.

वरील मजकूर स्वतः लिहून, दोनदा वाचून, तोंडात मावा नसताना सही केली.

कोल्हार, ९ फेब्रुवारी २०२६
याकोब लूकस साळवे

साक्षीदार:
१. पंकजा हनुमंत ढोकणे, वकील
२. सॅमसन लूकस साळवे. समदं वाचलं. बापाला आन् दानिएलभाऊला कावीळ न्हवती, क्यान्सर व्हता. इमॅन्युएल, उद्या सकाळच्या गाडीनं नगरला जाऊ. मला बी रगत द्यायचंय.