हळद्याची नोंद

चौथीच्या वर्गात आम्ही कविता चालीवर म्हणत असू. कडवे संपले की गुरुजी श्वास घ्यायला थांबत आणि नेमकी तेव्हाच खिडकीबाहेरून पिवळ्याधमक हळद्या पक्ष्याची शीळ येई, बासरीत कुणी सहज फुंकर मारावी तशी. ती अजून कानात आहे, यावरून माझे चित्त ठिकाणावर असल्याचे समजावे. मी, वय एक्याऐंशी, टपालखात्यातला निवृत्त कारकून, मित्रांच्या तोंडी पोस्टमास्तर, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कुणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. डॉक्टर साक्षीला समोर बसले आहेत. त्यांचा चहा निवतो आहे.

१. राहते घर मुलाला व सूनबाईला, निम्मे-निम्मे. मागच्या दारचे झाड माझ्या पश्चात पाडू नये. पाने गटारात पडतात ही मुलाची तक्रार मला मान्य आहे. त्याने गटार साफ करावे.

२. बँकेतली ठेव सूनबाईची. अकरा वर्षे दर रविवारी मी पक्षी पाहायला निघताना पहाटे उठून तिने माझा थर्मास भरला. "लवकर या" म्हणाली, "जाऊ नका" कधी म्हणाली नाही.

३. दुर्बीण पक्षिमंडळाला. डावी काच पुसट आहे, नवख्याला चालेल. रबरी तळाचे बूट मंडळाच्या चिटणीसबाईंना. त्यांच्या चपलांच्या करकरीने पाणकावळ्यांचे थवेच्या थवे उडून गेले आहेत. बूट मोठे होतील, पुढे कापूस भरावा.

४. शाळेतली कवितांची पुस्तके नातीला. पाठांतराची सक्ती नाही. वाचायची मात्र मोठ्याने.

५. शोकसभा घेऊ नये. पुढच्या रविवारी मंडळाने नेहमीसारखे तळ्यावर जावे, आणि सगळ्यांत हळू चालणाऱ्याच्या पावलाने चालावे.

६. हे कलम लिहायचे म्हणून मृत्युपत्राला बसलो. दोघांनी पाहून सही केल्याशिवाय पक्ष्याची नोंद नाही, असा मंडळाचा नियम आहे. सोळा वर्षांपूर्वी मी आणि माझा मित्र, घड्याळे दुरुस्त करणारा, तळ्याकाठी रेंगाळलो होतो. मी वहीत लिहिले : हळद्या, नर, एक, पाहिला. आमच्या तळ्यावरचा पहिलाच. वही त्याच्यापुढे धरली.

"कुठं होता?"

"त्या फांदीवर. आत्ताच उडाला. कर ना सही."

"मला नाही दिसला. न पाहिलेल्यावर मी सही करत नाही, पोस्टमास्तर."

"म्हणजे मी खोटं बोलतोय?"

त्याने वही मिटून माझ्या हातात दिली. ते माझ्या जिव्हारी लागले. तेव्हापासून तो पुढे असला की मी मागे, तो मागे असला की मी पुढे.

आज कबूल करतो : मला हळद्या दिसला नव्हता. शीळ ऐकली, चौथीचा वर्ग डोळ्यांपुढे उभा राहिला आणि हात लिहून गेला. मित्राचे बरोबर होते. ती नोंद खोडावी आणि माझ्या पक्ष्यांच्या सगळ्या वह्या त्याला द्याव्यात. तो एकेक ओळ तपासेल. तपासू दे. तोंडाने माफी मागण्याचे धैर्य झाले नाही, म्हणून कलमात मागतो.

दुसरे साक्षीदार शेजारचे

इथे बेल वाजली म्हणून थांबलो होतो. सूनबाई आत येऊन म्हणाली, "शेजारचे काका बाहेरगावी गेलेत, बाबा. मग मी तुम्हाला न विचारता एक फोन केला."

मागे, काठी टेकून, घड्याळवाला उभा होता.

"कुठं करायची सही?" त्याने मला नाही, डॉक्टरांना विचारले.

मी सहाव्या कलमावर बोट ठेवून कागद सरकवला. त्याने तो दोनदा वाचला.

"नोंद कशाला खोडतोस? 'पाहिला' खोड, 'ऐकला' लिही. मीही ऐकला होता."

"मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"तू विचारलंस कुठं? वही पुढे केलीस आणि रुसलास." त्याने खुर्ची ओढली. "चल, आता माझ्यासमोर सही कर. न पाहिलेल्यावर मी सही करत नाही."

लिहून देणार : (सही)
साक्षीदार : १. डॉक्टर (सही) २. घड्याळवाला (सही)
ठिकाण : मागची खोली, झाड दिसते ते टेबल
दिनांक : रविवार, तीन मार्च, सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटे, त्याच्या घड्याळाप्रमाणे