गोलकीपर हवी आहे

रोल्ला, शारजा
३ मे २०२४

प्रिय रामेश्वर,

हमीदचा सलाम, आणि तुझ्या रीतीने स. न. वि. वि.

तुझं पत्र आपल्या गावच्या केरूने परवा आणून दिलं. अबुधाबीकडच्या मुसफ्फाच्या लेबर कॅम्पवरून सुट्टीच्या दिवशी बस बदलत आला, पत्र हातात ठेवलं, चहा घेतला आणि परतीच्या बसच्या काळजीने लगेच निघाला. टपालापेक्षा गावाहून येणाऱ्या माणसाच्या खिशावर आपला विश्वास, तो अजून टिकून आहे. अक्रम हसतो. म्हणतो, अब्बा, फोन आहे ना, एक मेसेज टाका, खलास. पोराला काय सांगू? मेसेजला वास नसतो. तुझ्या पत्राला केरूच्या पिशवीतल्या आमसुलांचा होता.

तुझी लेक संजना कॉलेजात चालवते त्या फुटबॉल संघाचं वाचून हसूही आलं आणि वाईटही वाटलं. गेल्या वर्षी कबड्डीतली मुलगी गोलात उभी केली आणि चौदा गोल खाल्ले, आणि आता तीही नर्सिंगला गेली. उरल्या दहा. यंदा पुऱ्या अकरा जणी मैदानात उतरल्या नाहीत तर संस्था मुलींचा संघ कायमचा बंद करणार. तू विचारलंस की इकडे बारावी करून शिकायला परत जाणाऱ्या आपल्याकडच्या मुलींत कुणी खेळणारी आहे का. अरे, तू शारजाभर शोधायला सांगतोस आणि मुलगी माझ्याच घरात आहे.

अरफा, अक्रमची मोठी, मला दादा म्हणणारी माझी नात. तू तिला पाहिलंस तेव्हा ती तुझ्या चपला घालून अंगणात फिरत होती. आता माझ्याहून वीतभर उंच आहे. दोन वर्षं इथल्या एका अकॅडमीत गोलकीपर म्हणून जाते, आणि एरवी आमच्या बिल्डिंगच्या मागे पार्किंगमध्ये भिंतीवर चेंडू मारत असते. मी खिडकीत बसून ऐकतो. चेंडूचा जमिनीवर टप्पा पडतो तो लघू, आणि तिच्या तळव्यांत बसतो तो गुरू, पूर्ण दोन मात्रांचा. जोशी गुरुजींनी बोटांवर मात्रा मोजायला शिकवलं ते या वयात असं कामाला येतंय.

मी तिला आपलं मैदान सांगितलं. खाडीकाठचं हिरवंगार, कडेने सुरंगीची झाडं, भरतीच्या वेळी पाणी पार कोपऱ्याच्या निशाणापर्यंत येतं, आणि चेंडू पाण्यात गेला तर होडीवाला वल्ह्याने परत ढकलतो. तिने फोन बाजूला ठेवून ऐकलं, ही गोष्ट या घरात ईदच्या चंद्राइतकी दुर्मीळ. शेवटी म्हणाली, ओके दादा, आय विल गो. फॉर्मवर तिचं नाव घाल. हमीदने शब्द दिला आहे.

वहिनींना सलाम. लोभाची वेल तशीच वाढू दे.

तुझा
हमीद


मु. पो. कोंडसडा
२१ मे २०२४

प्रिय हमीद यास,

रामेश्वरचा नमस्कार, वि. वि.

पत्र पावलं. संजनाने दोनदा वाचलं आणि त्याच दिवशी प्राचार्यांच्या टेबलावर फॉर्म ठेवला. अकराव्या ओळीत नाव, अरफा अक्रम मुकादम. प्राचार्य म्हणाले, दुबईची आहे का? संजना म्हणाली, शारजाची. त्यांच्या लेखी दोन्ही एकच. सगळ्या कॉलेजात बातमी झाली आहे. दहाही मुली आता वेळेवर येतात.

आता दुसरी गोष्ट. ती तुला आवडणार नाही.

तू पोरीला जे मैदान सांगितलंस ते आपल्या शाळेचं. त्याला पंचावन्न वर्षं झाली. तिथे आता बर्फाचा कारखाना आहे. कॉलेज निघालं ते तू आखातात गेल्यानंतर, आणि ते वर सड्यावर आहे, कातळावर. सुट्टीत दहादा आलास, पण एकदाही वर चढला नाहीस. जाताना खाली कारखान्याच्या कंपाउंडपाशी उभा राहून कविता म्हणायचास आणि मी तुला रिक्षात बसवायचो. कॉलेजच्या मैदानात चार महिने गवत असतं, आठ महिने तांबडी माती. उत्तरेकडे उतार आहे. जोरात मारलेला चेंडू बापटांच्या काजूत जातो, आणि बापट काही होडीवाला नव्हे.

मला मुलगी हवी आहे. माझ्या लेकीने तीन वर्षं घरोघर फिरून, आयांच्या हातापाया पडून हा संघ उभा केला आहे. तो मोडला तर ती बोलणार नाही, पण मला दिसेल. तरीसुद्धा कुणाच्या नातीला फसवून आणायची नाही. आमच्या घरात ते चालायचं नाही. तू तिला खरं काय ते सांग. मग ती नाही म्हणाली तर नाव खोडू. फॉर्म विद्यापीठाकडे जुलैच्या पहिल्या आठवड्यात जातो, तोवर वेळ आहे.

रागावू नकोस. रागावलास तरी पत्र लिही.

तुझा
रामेश्वर


रोल्ला, शारजा
७ जून २०२४

प्रिय रामेश्वर,

सलाम, नमस्कार, आणि त्यांच्यामागे एक खाली घातलेली मान.

तुझं पत्र येऊन सहा दिवस झाले. पहिले चार दिवस मी ते उशीखाली ठेवलं. खोटं बोललो नव्हतो रे. ते मैदान मला रोज दिसतं. इथे शारजात एसीच्या बाहेर पाऊल टाकलं की डोळे मिटतात ते उन्हाने, आणि मिटल्यावर दिसतं ते तेच. माझ्या मनात गाव वाढलंच नाही. कॉलेज वर बांधलं हे मला ठाऊक होतं, खालचा कारखानाही डोळ्यांनी पाहिला होता, पण मनातलं मैदान मात्र मी खालचंच धरून चाललो होतो. म्हाताऱ्या माणसाची ही चूक हसण्यावारी नेता आली असती. पण सतरा वर्षांची पोर त्या चुकीच्या भरवशावर घर सोडून निघाली होती.

पाचव्या दिवशी अरफाला सांगितलं. पार्किंगमध्येच, ती हातमोजे काढत होती तेव्हा. तिने सगळं ऐकून घेतलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. दॅट्स नॉट फेअर, दादा, एवढंच म्हणाली आणि लिफ्टची वाट न बघता जिन्याने वर गेली.

अक्रमला हायसं वाटलं. इंडस्ट्रियल एरियातल्या त्याच्या गॅरेजचा एक गिऱ्हाईक पुण्याच्या मोठ्या कॉलेजबद्दल कधीपासून सांगतोय, त्याने लगेच त्याला फोन लावला. तिची आई फिझाही म्हणाली, गावात एकटी ठेवायची तर काळीज जागेवर राहणार नाही, पुण्यात निदान माझी बहीण आहे. तुला खरं सांगायचं ठरवलंच आहे तर हेही सांगतो. मलाही थोडं हायसं वाटलं. अरफाची आजी गेल्यापासून या घरात माझी मराठी ऐकून घेणारी ती एकटीच आहे. उत्तर इंग्रजीत देते, पण ऐकते मराठीत. ती गेली की खिडकीत बसून मी कशाच्या मात्रा मोजायच्या?

काल जेवताना तिने मला एक गोष्ट सांगितली, ती मला माहीत नव्हती. अकॅडमीत ती दुसरी गोलकीपर आहे. दोन वर्षांत एकही सामना खेळलेली नाही. दर सुट्टीला मी तिला यल्ला, चल नीघ, म्हणून पाठवायचो, ती ड्रेस घालून जायची, बेंचवर बसायची आणि धुतलेलेच हातमोजे परत आणायची. मी विचारायचो, कसं झालं? ती म्हणायची, वी वन. मीही कधी पुढे विचारलं नाही.

तिने नाही म्हटलेलं नाही. हो पण म्हटलेलं नाही. म्हणाली, दादाकडून नको, मला कोचकडून ऐकायचंय. संजनाला लिहायला सांग. जे आहे ते लिहू दे. केरूच्या कॅम्पवरचा एक जण पुढच्या आठवड्यात महिन्याच्या रजेवर गावी येतोय, हे पत्र त्याच्याचबरोबर. संजनाने मात्र उत्तर फोनवरून फोटो काढून पाठवलं तरी चालेल. तेवढ्यापुरता मी माझा हट्ट मागे घेतो.

या गाढवावरचा लोभ कमी झाला असल्यास पूर्ववत करावा.

तुझा
हमीद


कोंडसडा
१८ जून २०२४

ती. हमीदकाका यांना संजनाचा शि. सा. नमस्कार. तुम्हा सर्वांना कालच्या ईदच्या शुभेच्छा.

हे पत्र अरफासाठी आहे, पण मोठ्यांना वगळून मुलीला लिहायची आमच्याकडे रीत नाही, म्हणून तुमच्या हाती देते.

प्रिय अरफा, मैदानाचं बाबांनी लिहिलंच आहे. उतार त्यांनी सांगितला त्यापेक्षा थोडा जास्तच आहे. कपडे बदलायला खोली नाही, आम्ही रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत बदलतो आणि सगळ्यांच्या टी-शर्टना तोच वास येतो. लावणीच्या दिवसांत सरावाला चार-पाच जणीच असतात, बाकीच्या शेतात. मी रागावत नाही, कारण त्यांच्या आया मग भरवशाने त्यांना सामन्याला पाठवतात. बूट सगळ्यांकडे नाहीत. आपली मधल्या फळीची नर्मदा उत्तम पळते, पण शिट्टी वाजली की घाबरून थांबते, कुणाच्याही शिट्टीला. मी स्वतः फुटबॉल कधी खेळले नाही, मी खो-खोची. नियम पुस्तकातून शिकले. तुझ्या अकॅडमीच्या कोचला जे येतं त्यातलं निम्मंही मला येत नसेल. तुला शिकवू शकेन असं मी म्हणत नाही.

राहायची सोय आमच्या घरी, माझ्या खोलीत. मासळी रोज. इंटरनेट सड्याच्या टोकाला मिळतं.

आपण बहुतेक हरू. संघात गोलकीपर म्हणून दुसरी कुणी नाही, त्यामुळे बरी असो, थकलेली असो, पाच गोल खाल्लेले असोत, प्रत्येक सामन्यात पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत गोलात तूच असशील. याची तयारी असेल तरच ये. नसेल तर मनात काही ठेवणार नाही.

काका, तुमच्या शब्दावर मी नाव घातलं, तुम्हाला न विचारता खोडणार नाही. आमच्यावरची माया तुम्ही लांब राहूनही पातळ होऊ दिली नाहीत, तशीच असू द्यावी.

तुमची
संजना


रोल्ला, शारजा
२८ जून २०२४

प्रिय रामेश्वर,

सलाम. आज नमस्कार जरा घाईने करतो आहे.

संजनाचं पत्र मी वाचून दाखवायला चष्मा लावला, तर अरफाने फोन माझ्या हातातून काढून घेतला. स्वतः वाचलं. मराठी अक्षर तिला जड जातं, एकेका शब्दावर बोट ठेवून वाचत होती. प्रयोगशाळेशी अडली, मी सांगितलं. नर्मदेच्या शिट्टीला हसली. शेवटच्या परिच्छेदाशी आली आणि तोच पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागली. मग आईला विचारलं, माझे जुने हातमोजे टाकून देऊ का, नवे घ्यावे लागतील.

एवढ्यावरून आम्ही समजलो.

अक्रमने दोन दिवस वाद घातला. पुण्याचं कॉलेज, लायब्ररी, कॉम्प्युटर, सगळं मांडून झालं. ती शांतपणे ऐकत होती, शेवटी एवढंच म्हणाली, पप्पा, आय वॉन्ट टु प्ले. अक्रम माझ्याकडे बघून म्हणाला, अब्बा, हे तुम्ही केलं. मी म्हटलं, नाही रे, मी केलं होतं ते मोडलं. हे संजनाने केलं.

माझ्या सगळ्या सुरंगी, भरती आणि होड्या एका बाजूला, आणि तुझ्या लेकीने लिहिलेला रसायनांचा वास एका बाजूला. आयुष्यभर मला वाटत आलं की माणसाला बोलवायचं तर गोड बोलून. ती म्हणते, यायचं तर ये, पण काम पडेल. पोरीला दोन वर्षांत कुणी काम सांगितलं नव्हतं रे.

फिझाने रोल्लातल्या दुकानातून हातमोजे आणले. नव्वद दिरहम, म्हणजे दोन हजार रुपये, हे तिने दुकानातच मोठ्याने म्हटलं, पण घेतले. बॅगेत पाच बरण्या लोणचं भरलं आहे. तुमच्याकडे लोणचं मिळत नाही असं तिला का वाटतं कोण जाणे. पाच तारखेचं विमान आहे. अक्रम सोबत येऊन तुमच्या हाती देईल.

एक मागणं आहे. तिला माझी आठवण येते का, हे तिला विचारू नकोस. तुला आपण होऊन दिसलं तर मात्र मला कळव.

लोभ तुझ्याकडे आधीच पुष्कळ जमा आहे, आता त्यात माझी नात पाठवतो.

तुझा
हमीद


मु. पो. कोंडसडा
१४ ऑक्टोबर २०२४

प्रिय हमीद यास,

रामेश्वरचा नमस्कार, वि. वि.

कालचा सामना तालुक्याच्या मोठ्या कॉलेजाशी, त्यांच्या मैदानावर झाला. आपण हरलो. चार गोल बसले. अडवलेले किती, ते मी मोजायला घेतलं होतं, सतरापर्यंत मोजले, मग ओरडण्याच्या नादात विसरलो. अकराच्या अकरा जणी शेवटपर्यंत उभ्या होत्या. संस्थेचे अध्यक्ष आले होते. जाताना संजनाला म्हणाले, संघ चालू ठेवा. ती फक्त हो सर म्हणाली आणि बसच्या मागे जाऊन रडून आली. तिला वाटतं मी पाहिलं नाही.

अरफाचं कोपर सोललं आहे, बाकी खुशाल आहे. पहिल्या महिन्यात रात्री उशीत तोंड खुपसून रडायची, हे तुला तेव्हा लिहिलं नाही, आता लिहितो. तू दिसलं तर कळव म्हणाला होतास. आता तुझ्या वहिनीशी मासळीवरून भांडते, मराठीत, आणि तुझेच ठेवणीतले शब्द वापरून.

सामन्यानंतर जे झालं ते तुला सांगायलाच हवं. त्या कॉलेजचे खेळाचे सर आमच्याकडे आले. पोरीची पाठ थोपटली आणि म्हणाले, पुढच्या वर्षी आमच्याकडे ये, हॉस्टेल आहे, हिरवं टर्फ आहे, ट्रेनर मुंबईचा. तुला मी खरं सांग म्हणून दटावलं होतं, आता पाळी माझ्यावर आली. मीच पोरीला म्हटलं, बाय, त्यांचं सगळं आपल्यापेक्षा चांगलं आहे, हे खोटं नाही. तुझ्या दादाला मी समजावीन.

ती बुटाची नाडी सोडत होती. मान वर न करता त्या सरांना विचारलं, "सर, तुमच्याकडे गोलकीपर किती आहेत?"

सर अभिमानाने म्हणाले, तीन, तिघीही जिल्ह्याला खेळलेल्या.

"मग मी तिथे काय करू?" असं म्हणाली आणि नर्मदेला हाक मारून चेंडू गोळा करायला गेली.

तुझ्या घरातलं माणूस आता आमच्या घरात आहे. लोभ असावा असं आजवर सवयीने लिहीत आलो, आज मागून घेतो.

तुझा
रामेश्वर