हाताने बसवलेला डेटाबेस

रविवार, दुपार

चि. चिमणीस,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघा त्याच्या मर्जीने दुखतो. खालच्या मजल्यावरचे मास्तर अजून बासरी शिकतायत, आणि अख्खी इमारत त्यांच्याबरोबर शिकते आहे. जावयांचा खोकला थांबला का?

दवाखान्यासाठी नवा संगणक घेतलास, छान केलंस. तू विचारलंस, "आई, या वेळी नोंदींचा डेटाबेस तयार इन्स्टॉलरने बसवू, की तू पहिल्यासारखा हाताने बसवून देशील?" मी फोनवर "बघू" म्हणाले. जन्मभर विमा कचेरीत हेच काम केलेल्या बाईला यात बघण्यासारखं काही नसतं. जीभ उचलली नाही, म्हणून हे पत्र.

इन्स्टॉलर घेतलास तर पासवर्ड ठरवायचा, पुढे पुढे म्हणत जायचं, झालं. संगणक सुरू केला की डेटाबेस आपला आपण सुरू होतो. हाताने बसवला तर दर वेळी काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करून त्याला उठवावं लागतं. त्या आज्ञा तुला येत नाहीत. मला येतात.

हाताने बसवलेला जास्त भरवशाचा, असं मी तुला सांगितलं होतं. तू पडलीस जनावरांची डॉक्टर, मान डोलावलीस. आज्ञा लिहून घ्यायला लागलीस तेव्हा म्हणाले, "कशाला? मी आहे ना." मग दवाखाना उघडलास की रोज सकाळी तुझा फोन यायचा. मी सांगायची, तू टाइप करायचीस, आणि काम झाल्यावरही आपण इकडचं तिकडचं बोलत बसायचो. निवृत्तीनंतर मला वेळेवर उठायला तेवढंच कारण उरलं होतं.

मागच्या मंगळवारी तुझ्याकडे दुपारी वीज जाऊन आली. समोर तो तांबडा कुत्रा तापाने फणफणलेला. त्याला कुठलं इंजेक्शन चालत नाही ते नोंदीत होतं, आणि नोंदी उघडेनात. तू मला फोनवर फोन केलेस. मी केस कापायला गेले होते, फोन घरी. शेवटी तू आठवणीवर भिस्त ठेवून टोचलंस. त्याचं तोंड सुजलं, श्वास अडकला. वाचला तो तुझ्या हातगुणाने. आणि संध्याकाळी तूच मला म्हणालीस, "माझंच चुकलं गं. इतके दिवस झाले, मला साधं ते सुरू करता येत नाही."

मी "असू दे" म्हणाले. जणू मोठ्या मनाने तुला माफ केलं. तेव्हापासून घास गोड लागत नाही. चिमणे, तुला येऊ नये अशी तजवीज मीच केली होती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. मला लाज वाटते, आणि ती तुला कळायला हवी.

इन्स्टॉलर घे. जुन्या नोंदी नव्या संगणकावर नेताना मात्र मला फोन कर, असं आधी लिहिलं होतं. तो कागद फाडला. त्यासाठीही माझी गरज नाही. या पत्राच्या मागच्या बाजूला सगळं ओळीने लिहिलंय. आधी नोंदींची प्रत पेनड्राइव्हवर घे, मगच जुन्या संगणकाला हात लाव.

रागावलीस तर रागाव. सकाळी फोन आला नाही, तर सगळं नीट सुरू झालं असं समजेन.

काही काम नसतानाही तुझीच,
आई