परसातली टोमॅटोची रोपं

प्रिय माई,

तू बाबांशी लग्न करून आलीस, तेव्हा मी दहा वर्षांची होते. परसात तू लावलेली टोमॅटोची रोपं मी रागाने उपटली आणि शेजाऱ्यांच्या शेळीचं नाव सांगितलं. "फाटक माझ्याकडूनच उघडं राहिलं," म्हणत तू बाबांची बोलणी खाल्लीस. दुसऱ्या दिवशी नवी रोपं आणलीस आणि माझ्या हातात खुरपं दिलंस. "मला एकटीला आवरत नाही गं, येतेस?"

त्या हंगामात आपण टोपल्या भरभरून टोमॅटो काढले. इतकं मोठं मन कुठून आणलंस गं? माझी कबुली मात्र राहूनच गेली.

आता तू नाहीस. काल बाबांना खरं सांगितलं. ते म्हणाले, "तिने मला त्याच रात्री सगळं सांगितलं होतं. म्हणाली, पोरीला रागावू नका, रुजायला वेळ लागतो."

तुझीच,
लेक