वाघीण रोज सात वाजता येते

१६ जानेवारी २०२५, रेणापूर

कोंबडीनं मारलं मला! लातूर–नांदेड गाडीत बावीस वर्षं कंडक्टरकी केली, भल्याभल्यांना तिकीट काढायला लावलं— आणि कॉम्प्युटरातल्या कोंबडीनं तीन टोचांत आडवं केलं.

नऊ तारखेला गच्चीवरच्या तुरी भरून उतरताना जिन्याची शेवटची पायरी विसरले. पाय प्लास्टरमध्ये, सहा आठवडे घरात. संक्रांतीला धम्मप्रिया पुण्याहून आली होती, काल गेली. जाताना तिचा जुना लॅपटॉप ठेवून गेली. त्यात हा गेम, वीस वर्षं जुना. नांदेडला होस्टेलला असताना ती खेळायची. म्हणाली, "टीव्हीपुढं पडून काय करून राहिलीस आई? हे खेळ. मी रोज सातला तिकडून येते. दोघी मिळून खेळू."

दोघी मिळून! वर्षभर पोरगी नीट बोललेली नाही. हदगावच्या त्या सुगतशी लग्न करते म्हणाली, मी नाही म्हटलं, तेव्हापासून फोन दोन मिनिटांचा. गोळी घेतली का, पाणी आलं का, ठेवते. तिच्याशी बोलायला मिळत असेल तर कोंबडीच काय, आणखी कशाच्याही पुढ्यात उभी राहीन.

१७ जानेवारी

गेममध्ये आपलं एक माणूस बनवावं लागतं. काल सत्यशीला हे माझं नाव काही केल्या घेईना. चिडून बिल्ला नंबर टाकला— ४१७२. लगेच घेतला! प्रियाच्या बाईचं नाव वाघीण. हातात भाला, पाठीवर पिवळी शाल. बोलायचं ते टाइप करून, इंग्रजी अक्षरांत मराठी. माझं एक वाक्य होईपर्यंत तिची दहा होतात.

या जगात आता मोजून तीस-चाळीस माणसं उरलीत म्हणे. बाकीचे नव्या गेमांकडं गेले. आपल्याला बरं, गर्दी नाही.

१९ जानेवारी

भांडण झालं. एका घरात शिरलो, आत पेटी. प्रिया म्हणे उघड. मी म्हटलं, मालक घरात नसताना लोकांची पेटी उघडू? ती— "आई, मालक न्हाईच! आपल्यासाठीच ठेवलीय ती!" मी नाहीच उघडली. मग दुकानात ढाल घ्यायला गेलो. मी दुकानदाराला लिहिलं, भाव जरा कमी करा. तीन वेळा लिहिलं. हूं की चूं नाही. ती— "आई, तो माणूस न्हाई! कॉम्प्युटर हाय तो!"

साडेसातलाच गेली. ढाल न घेताच.

२१ जानेवारी

आज पोरगी वेगळीच. तीनदा वाट चुकले, तिन्ही वेळा माघारी आली. एकदासुद्धा करवादली नाही. लांडगे तीन असले तर तिघांना मारायचं नाही, एकालाच धरायचं— हे चार वेळा समजावून सांगितलं. पेटीपाशी मी पुन्हा अडले तर म्हणाली, नको उघडूस, आपण पैसे दुसरीकडून मिळवू. मग तासभर डोंगरावर औषधी झाडपाला तोडला, तो विकला, ढाल घेतली. कष्टाची ढाल!

इतका धीर हिला कुठून आला? लहानपणी बुटाची नाडी बांधताना थयथयाट करायची. नोकरीनं माणूस सुधारतं म्हणायचं.

२५ जानेवारी

मोठा घोळ केला. नदीपलीकडं जायला तराफा आहे. पाच जण बसतात, घंटा वाजवली की सुटतो. पाठीमागून लांडग्यांचा कळप आला. वाघीण काठावर उभी राहून त्यांना अडवत होती. मी तराफ्यावर, आणखी तीन अनोळखी माणसं चढली, मग पाचवा कोणीतरी उडी मारून आला. झालं! सीट भरल्या बघून हातानं आपोआप दोनदा घंटा दिली. बावीस वर्षांची सवय! तराफा निघाला, वाघीण काठावरच. लांडग्यांनी तिचा फडशा पाडला. आठवडाभराची तिची कमाई गेली.

आता पोरगी काय काय ऐकवते म्हणून वाट बघत बसले. तिनं लिहिलं— "गाडी भरली की बेल द्यायचीच. मीच वेळेवर आले नाही."

हसू आलं, मग डोळ्यांत पाणी आलं.

२६ जानेवारी

शेजारच्या चांगुणाबाई ताक घेऊन आल्या. "काय करून राहिलीस ग?"

म्हटलं, लांडगे मारून राहिले.

"या वयात! आन् पगार किती हाय त्याला?"

३० जानेवारी

अस्वल मारलं! एकटीनं! वाघीण लांब उभी राहून नुसती बघत होती.

१ फेब्रुवारी

आज लढाई नाही. डोंगरावर शेकोटी पेटवता येते, तिथं बसलो. वाघिणीनं विचारलं, जळकोटला मुक्कामी गाडी असायची तेव्हा भीती वाटायची का? उभ्या जन्मात प्रियानं हे कधी विचारलं नव्हतं. मी लिहीत सुटले. पहिल्या वर्षी दाराला आतून ट्रंक लावून झोपायचे ते लिहिलं. ड्रायव्हर धोंडप्पा बापासारखे होते, स्वतःच्या डब्यातली भाकरी आधी माझ्यापुढं ठेवायचे, ते लिहिलं.

आणि मग कधी न बोललेलं तेही लिहून गेले. प्रिया सहावीत होती. गॅदरिंगला येते म्हणून शब्द दिला होता. बदली कंडक्टर आला नाही, मला गाडी न्यावी लागली. तोंडाला रंग फासून पोर दिवेलागणीपर्यंत शाळेच्या फाटकात उभी होती. मी दुसऱ्या दिवशी सामोसा आणला, पण चुकलं असं एकदाही म्हटलं नाही. वर उलट तिलाच रागावले, नोकरी आहे म्हणून खातेस म्हणाले. ते आज लिहिलं. चुकलं माझं, असंही लिहिलं.

वाघिणीनं शेकोटीत लाकूड टाकलं. मग लिहिलं— "हे फोनवर सांग ना. तुझ्या आवाजात."

२ फेब्रुवारी

रविवार. फोन केला. सांगितलं एकदाचं. पलीकडून हुंदका. "आई, हे तुला आजून ध्यानात हाय?" काल सगळं वाचूनसुद्धा पहिल्यांदाच ऐकल्यासारखी रडली. आवाजाची गोष्टच वेगळी असेल. सत्तेचाळीस मिनिटं बोललो! चुलीवरचं वरण करपलं. करपू दे.

८ फेब्रुवारी

आता रोज फोनही येतो. पण त्यावर सुगतचा विषय काढायची हिंमत होत नाही, पुन्हा बिनसायचं. म्हटलं गेममध्ये काढावा, तोंड दिसत नाही, बरं पडतं. लिहिलं— अजून त्या सुगतच्याच नादात आहेस का?

उत्तर आलं. "हाव."

मग मीही मनातलं सगळं ओतलं. नोकरी पर्मनंट नाही. सरकारी परीक्षा अर्ध्यात सोडल्या. दिवसभर घरात कॉम्प्युटरपुढं बसून कसलं काम करतो देव जाणे. तिशीचा घोडा आणि गेम खेळतो! (माझं प्लास्टर आहे, माझी गोष्ट वेगळी.) घरी आला तेव्हा दोन शब्द बोलला नाही, फरशी मोजत बसला. तुझे बाबा गेले तेव्हा तू सहा वर्षांची. त्यांची नोकरी पर्मनंट होती म्हणून अनुकंपावर मला लागली आणि तू शिकलीस. त्याला काही झालं तर तू कुठं उभी राहशील?

वाघीण म्हणाली— "बरोबर आहे. आईनं हे बघायलाच पाहिजे."

एका शब्दानं वाद घातला नाही! थोड्या वेळानं "चल, तराफा आला" म्हणाली आणि निघालो. पोरगी वळणावर आली. आज जिंकले मी. लापशी केली, चांगुणाबाईंकडंही वाटीभर पाठवली.

१४ फेब्रुवारी

लेव्हल वीस!

२० फेब्रुवारी

प्लास्टर निघालं. पाय वाळक्या काठीसारखा दिसतो, पण आहे आपलाच. प्रिया सुट्टी काढून आली, लातूरला डॉक्टरकडं तीच घेऊन गेली. येताना गाडीत माझ्या खांद्यावर मान टाकून झोपली. कितीतरी वर्षांनी. मी खांदा हलवलासुद्धा नाही. पंधरा दिवसांनी ड्यूटी. घर, पाय, पोरगी, सगळं ठिकाणावर आहे. आणखी काय लागतं माणसाला?

२१ फेब्रुवारी

सात वाजता लॅपटॉप उघडला. प्रिया म्हणाली, आज राहू दे ना आई. मी हट्टानं तिला शेजारी बसवलं. म्हटलं, बघ तर तुझ्या आईचा हात कसा बसलाय. तेवढ्यात पडद्यावर वाघीण आली आणि रोजच्यासारखी माझ्यापाशी येऊन उभी राहिली.

प्रिया माझ्या शेजारी. हात मांडीवर. मी तिच्याकडं बघितलं.

"पहिले चार दिवसच मी होते आई. मग शिफ्ट बदलली. तू इतकी खूश होतीस, सांगवलं न्हाई. रोज सुगत यायचा."

आणि गॅदरिंगचं?

"त्यानं मला कायबी सांगितलं न्हाई. तू फोन केलास तवाच कळलं."

म्हणजे तिशीचा घोडा वगैरे ते सगळं मी त्याला, त्याच्या तोंडावर! लई लाज वाटली. अक्षरं सापडेनात. प्रिया म्हणाली मी लिहू का. म्हटलं, नको.

लिहिलं— सुगत, रविवारी घरी ये. आईवडिलांना घेऊन ये.