आईचा रुसवा

तीर्थरूप बाबा,

पुण्याहून शिवकन्या पाया पडते. आई बरी आहे, आज पुरी भाकर खाल्ली. फोनवर बोललं तर ती ऐकते, म्हणून लिहून राहिले.

बाबा, आईचे रिपोर्ट आले. आईची साखर लई वाढली, रक्ताच्या तपासणीत अंगात सूजही दिसली. डॉक्टर मॅडम म्हणल्या, "त्यांचं गप्प राहणं, विसरणं हे डिप्रेशन आहे. साखर, अंगातली सूज आणि मन बऱ्याचदा एकमेकांना बिघडवतात. आधी काय बिघडलं ते सांगता येत नाही, पण इलाज सगळ्यांवर करू."

अन् आपण काय धरून बसलो? सोमेश्वरदादाच्या लग्नात तिच्या भावानं मानाची साडी दिली न्हाई, म्हणून रुसली! तुमी तर संतराममामाला जवळा बाजार गावातून साडी घेऊन माफी मागायला लावलं.

काल मी विचारलं, "आई, साडीचा राग गेला का गं?"

ती माझ्याकडं बघतच राहिली. म्हणली, "कोणती साडी?"

धाकटा शिवशंकर वेळेवर जेवतो का? तुमची झोप होते का?

लवकर या बाबा. साडीबिडी काही आणू नका, नुस्ते तिच्यापाशी बसा.

तुमची लेक,
शिवकन्या