तंबोरा माझ्याकडंच हाय

भीमास, आक्काचा जयभीम.

न्हाई रे, रुसले न्हाई. तुझ्यावर रुसून मला काय मिळनार? फोन घ्यायला सवडच न्हाई. हितं रेणापुरात लेकीच्या घराजवळ गान्याचं मंडळ हाय. महिन्यातून एका रविवारी सकाळी शाळेच्या खोलीत बैठक व्हते. चाळीस मानसं आली तरी लई झाली. पगारी कोनीच न्हाई. सतरंज्या झाडायच्या, चहा करायचा, अन् गवयाच्या मागं तंबोरा धरायचा, समदं मीच करून राहिले. पार थकले बघ.

तंबोऱ्याला अक्कल लागत न्हाई. चार तारा एकामागं एक छेडायच्या. तुलाबी जमंल, पर तू घोरशील. मांडीवर घेतला का छातीत घुमतो. तुझे दाजी गेल्यापास्नं तेवढीच सोबत वाटती.

परवा गवई गाताना एक तार उतरून बेसूर झाली. गवई सारखा वळून बघाय लागला, तबल्यावरचे रियाजभाई भुवया उडवाय लागले. मला वाटलं, खूश झाले. मी आनिक जोरात छेडली! बैठक सपल्यावर रियाजभाई जवळ येऊन म्हनले, "धुरपताबाई, तार उतरली, कळलं न्हाई?"

"कळलं की! तुमची झोप मोडत व्हते."

समदे हसले. मीबी हसले.

तुझा गुडघा कसा हाय? दिपाली तेल लावून देती का? न्हाई तर ही चिठ्ठी दाखव बायकोला.

भीमा, लेकीला सांगू नको. मंडळाला तर मुळीच न्हाई, तंबोरा काढून घेतील. सहा महिने झाले, उजव्या कानानं मला काहीच ऐकू येत न्हाई, अन् आता डावाबी चालला.

तुझी आक्का